जोडमार्गाची दोन टोकं

सोमवार, २ सप्टेंबर

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तदाब वाढलाय, डोक्यात जे साठतं ते रोज कुठेतरी उतरवत जा. मी म्हटलं, नवऱ्यावर उतरवते ना. त्या हसल्या नाहीत. म्हणून हे लिखाण.

तर उतरवते. १ ऑक्टोबरला विमानतळाचं नवं केलेलं टर्मिनल सुरू होणार आणि त्याच दिवशी शेजारच्या भुयारी स्टेशनातून शहराकडे जाणारी नवी गाडीही. दोन्ही एकाच दिवशी, असं साहेब जाहीर करून बसलेत. घडवून आणायचं माझ्याकडे. माझ्या हुद्द्याचं नाव लांबलचक आहे, अर्थ एवढाच की कुठेही घोडं अडलं की माझ्या नावाने शंख करायचा. हाताखालची मंडळी मला पाठीमागे 'शिट्टी' म्हणतात. मला माहीत नाही असं त्यांना वाटतं.

टर्मिनल तयार आहे, म्हणजे लांबून बघितलं तर. पुढची बाजू अजून परांचीत गुंडाळलेली, तिथले मोठे दरवाजे बंद, ये-जा बाजूच्या एका चिंचोळ्या दारातून. गाडी तर तिसऱ्यांदा पुढे ढकलली गेलीय. आधी डबे आले नाहीत, मग सिग्नल चालेनात, आता स्टेशनातून वर रस्त्यावर येणारे जिनेच बसलेले नाहीत. रेल्वेचा सुरक्षा तपासनीस येतो, चष्मा काढतो, पुसतो आणि 'नाही' म्हणतो. सगळे त्याला लाल बावटा म्हणतात. नाव मीच ठेवलंय, इथे लिहायला काय हरकत आहे.

घरात पाऊल टाकलं तर सासूबाई दारातच. "झालीस का गं प्रमुख?" उद्घाटन वेळेवर झालं तर टर्मिनलप्रमुखाची खुर्ची तुमची, असं साहेब मला म्हणाले होते. मी शहाणी, घरी येऊन बोलले. आता जिन्यातल्या सगळ्या शेजारणींना ठाऊक आहे. उद्या दूधवाला अभिनंदन करेल.

गुरुवार, ५ सप्टेंबर

आज एक काम फत्ते केलं आणि स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

टर्मिनलचा आगीचा भोंगा वेगळा आणि स्टेशनचा वेगळा. इकडे धूर झाला तर तिकडे पत्ता नाही. एका छपराखाली दोन चुली! मी म्हटलं, जोडा दोन्ही. कुठेही धूर दिसला की दोन्हीकडे वाजलं पाहिजे आणि दोन्ही इमारती रिकाम्या झाल्या पाहिजेत. वीजवाल्यांनी कां कूं केलं, त्यांना मी उभ्या उभ्या गप्प केलं. संध्याकाळपर्यंत तारा जोडल्या गेल्या.

भोंग्यामागून सूचना वाजते. आवाज देणारी बाई महिनाभर मिळणार नव्हती, म्हणून तात्पुरती मीच बोलले. काचेच्या खोलीत कानाला डबडी लावून: "कृपया शांत राहा. जोडमार्गाने पलीकडच्या इमारतीत जा. तिथे तुम्ही सुरक्षित आहात." जोडमार्ग म्हणजे टर्मिनल आणि स्टेशन यांच्यामधला भुयारी रस्ता. आमचे पुढचे दरवाजे बंद, म्हणून आमची माणसं जोडमार्गाने स्टेशनात जाणार. त्यांचे जिने नाहीत, म्हणून त्यांची माणसं जोडमार्गाने टर्मिनलमध्ये येणार. एकच सूचना दोन्हीकडे चालते. एका दगडात दोन पक्षी.

साहेब म्हणाले, "असं डोकं आमच्या इंजिनियरांना असतं तर!" बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

मंगळवार, १० सप्टेंबर

टर्मिनलची आगीची कवायत झाली. खोटे प्रवासी बोलावले होते, खोटी तिकिटं, बॅगांमध्ये रद्दी. भोंगा वाजला आणि सगळे शिस्तीत जोडमार्गातून रिकाम्या स्टेशनात जाऊन उभे राहिले. एकाचीही चप्पल सुटली नाही. सुंदर!

खोट्या प्रवाशांत सासूबाईही होत्या. हट्टच धरला. "मी मोठ्या दवाखान्याची हेडसिस्टर होते, मला गर्दीत वागता येतं. तुझ्या त्या पोरींना येत नाही." काठी घेऊन आल्या, खोटं परदेशाचं तिकीट घेतलं, आणि रद्दीची बॅग वेळेवर मिळाली नाही म्हणून काउंटरवरच्या मुलीशी खरंखुरं भांडल्या. मुलगी रडकुंडीला आली. मग तिलाच म्हणाल्या, "तुमच्या मॅडम माझ्या सूनबाई. सांगू का?" मी खांबाआड लपले.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

आज स्टेशनची कवायत. तीही झकास. गाडीतून उतरलेले लोक जोडमार्गाने आमच्या दालनात आले. आमच्याकडे फरशीला पॉलिश चाललं होतं, म्हणून दालन मोकळंच होतं.

झालं ना सगळं? नाही. लाल बावट्याने चष्मा काढला.

"बाई, दोन्ही कवायती वेगवेगळ्या दिवशी का घेतल्या?"

"कारण तुमची गाडी रखडली की माझं टर्मिनल रखडू नये म्हणून."

"बरोबर. आणि दोन्ही इमारती भरलेल्या असताना भोंगा वाजला तर माणसं कुठे जातील?"

"बाहेर!" मी म्हटलं. "माणसं आगीतून बाहेरच जातात हो. आत नाही जात."

सगळे हसले. तो नाही हसला. म्हणाला, दोन्हीकडे माणसं ठेवून एक एकत्र कवायत घ्या. मी म्हटलं, त्यासाठी दहा दिवस लागतील आणि तारीख पुढे जाईल. तो म्हणाला, "जाऊ दे की." जाऊ दे की! याच्या बापाचं काय जातंय? गाडी वेळेवर सुटली तर लाल बावट्याला विचारतो कोण. लोकांनी आपल्याला विचारावं म्हणून काही माणसं आयुष्यभर रूळ अडवून बसतात.

घरी येऊन हेच नवऱ्याला सांगितलं. तो गणित शिकवतो, त्यामुळे त्याला सगळ्यात शंका. विचारतो, "त्याच्या प्रश्नाचं उत्तर काय मग?" मी म्हटलं, "तू पण सुरू हो आता."

सोमवार, १६ सप्टेंबर

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली, चहा सांगितला. म्हणजे काहीतरी मोठं.

गोष्ट अशी: जोडमार्ग आमच्या हद्दीत येतो. तो सुरक्षित आहे असा दाखला आमच्याकडून गेला की लाल बावट्याला गाडी अडवता येत नाही. दाखल्यावर सहीची जागा साहेबांच्या नावाची होती. ती त्यांनी माझ्या नावाची करून घेतलीय. म्हणाले, "राबायचं तुम्ही आणि नाव माझं, हे मला पटत नाही. श्रेय ज्याचं त्याला मिळालं पाहिजे. नाहीतरी उद्या प्रमुख म्हणून तुम्हीच सह्या करणार."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत वरच्या माणसाने स्वतःचं नाव खोडून माझं घातलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

नवऱ्याला सांगितलं तर तो पानावरून उठता उठता थांबला. "सही करण्यात मान असता तर साहेबांनी दुसऱ्याला दिला असता का?" मग म्हणाला, "हरभऱ्याच्या झाडावर चढवतोय तो तुला." मी म्हटलं, मास्तर आहेस, मास्तरच राहणार. सासूबाईंनीही त्यालाच झापलं. "तुला काय कळतंय? तिच्या कामाची किंमत कुणीतरी केली. माझी कुणी केली होती का?" आणि मला दूध आणून दिलं, मी मागितलं नसताना.

बुधवार, १८ सप्टेंबर

सही केली.

त्याआधी लाल बावटा माझ्या दाराबाहेर बाकावर बसून होता. "एकदा माझ्याबरोबर जोडमार्गात येता का? थोडाच वेळ." मी म्हटलं, माझ्याकडे थोडासुद्धा वेळ नाही. तो उठला, जाताना म्हणाला, "साहेबांनी स्वतः का नाही केली सही?"

हा तर चहाडखोरही निघाला. आम्हा दोघांत लावून द्यायला बघतोय.

रात्री मात्र झोप लागली नाही. का ते कळत नाही. काम तर झालंय.

शनिवार, २१ सप्टेंबर, दवाखान्यातून

लिहिलं नाही तर वेड लागेल.

सासूबाई आत आहेत. खुब्याचं हाड मोडलंय. उद्या सकाळी ऑपरेशन.

आज रंगीत तालीम होती. उद्घाटनाच्या दिवशी जसं होईल तसंच सगळं, दोन्हीकडे एकदम. टर्मिनल खोट्या प्रवाशांनी भरलेलं, शहरातून गाडीही भरून आणलेली. गाडी फलाटाला लागली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाई गाडीने येणाऱ्यांत होत्या. मला फोन केला, "बसायला खिडकी मिळाली."

दुपारी कॉफीच्या नव्या दुकानात कुणाचा तरी पाव करपला. धूर झाला, भोंगा वाजला. दोन्हीकडे. मी घाबरले नाही. उलट मनात आलं, बघा, एका क्षणात दोन्हीकडे वाजला की नाही! लोक उठले, शिस्तीत जोडमार्गाकडे निघाले. मीच हात करून वळवत होते. "इकडून, इकडून, घाबरू नका." मग रांग थांबली. मला वाटलं कुणी बॅग घेऊन अडकलं असेल, म्हणून मी मागून ओरडले, "चला, चला पुढे!"

पुढे जायला जागा नव्हती. तिकडूनही माणसं येत होती.

आतून किंकाळ्या आल्या. मागचे थांबेनात, कारण सूचना चालूच होती. वीजवाल्याने धावत जाऊन तार उपटली तेव्हा ती थांबली. मग माणसं बाहेर काढली. हात मुरगळलेले, डोकं फुटलेला एक, एक गरोदर बाई नुसती बसून थरथरत होती, तिला काही झालेलं नाही, देवाची कृपा. आणि सगळ्यांत शेवटी भिंतीशी सासूबाई. मला बघून म्हणाल्या, "रडू नकोस, लोक बघतायत."

रविवार, २२ सप्टेंबर

ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्या तेव्हा मी एकटीच जवळ होते. मी विचारलं, "आई, तुम्हाला फलाटावर खुर्ची देऊन बसवलं होतं ना? पोरींना मी बजावलं होतं, काठीवाल्यांना उठवू नका. का उठलात?"

"तुझा आवाज आला ना." अगदी साधेपणाने म्हणाल्या. "तू म्हणालीस जा म्हणून. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर उठले असते का मी?"

मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धरलं.

चहा घेऊन परत आले तर ऑफिसचा माणूस जबानी घेऊन निघालेला. मी विचारलं, काय सांगितलंत? तर डोळे मिटून घेतले. हेडसिस्टरला जेव्हा बोलायचं नसतं तेव्हा ती झोपते.

सोमवार, २३ सप्टेंबर

साहेब फुलं घेऊन दवाखान्यात आले. बाहेर नेऊन हळूच म्हणाले, "काळजी करू नका. अहवाल तयार आहे."

सासूबाईंनी जबानीत सांगितलंय की माझीच काठी दारात अडकली, मी पडले, मागचे माझ्यावर अडखळले. म्हणजे एका वृद्ध प्रवासी बाईचा तोल गेला आणि गोंधळ झाला. जोडमार्गात दोष नाही, दाखला कायम, तारीख कायम. साहेब म्हणाले, "आईंचे फार उपकार आहेत आपल्यावर."

खरं लिहायचं ठरवलंय, तर लिहिते. मला सुटल्यासारखं वाटलं. जवळच्या बाकावर बसले आणि मनात म्हटलं, सुटलो बाई. खुब्यात खिळे ठोकलेली म्हातारी आत पडलीय आणि मी बाहेर सुटलो म्हणतेय. पण वाटलं.

तसंही असू शकतं ना? काठी खरंच अडकली असेल. गर्दीत कुणाचं काय अडकतं कुणाला कळतं?

बुधवार, २५ सप्टेंबर

आज ऑफिसला गेले. जोडमार्ग धुऊनपुसून लख्ख. तोंडाशी लाल बावटा उभा. मला वाटलं, आता ऐकवणार. ऐकवायचा हक्क आहे त्याला.

"आज वेळ आहे?" एवढंच विचारलं.

आम्ही आत गेलो. त्याने मला बरोबर मध्यावर उभं केलं, स्वतः भिंतीला टेकला, आणि फोनवर कुणाला तरी म्हणाला, "लावा."

भोंगा नाही, नुसती सूचना. टर्मिनलच्या टोकाकडून माझा आवाज आला. कृपया शांत राहा. जोडमार्गाने पलीकडच्या इमारतीत जा. आणि त्याच वेळी स्टेशनच्या टोकाकडून माझाच आवाज. जोडमार्गाने पलीकडच्या इमारतीत जा. तिथे तुम्ही सुरक्षित आहात. दोन्हीकडून मीच माणसं पाठवत होते आणि मधे मीच उभी होते.

मी त्या चकचकीत फरशीवर साडी पसरून खाली बसले. दोन्ही कवायती यशस्वी झाल्या, कारण दर वेळी पलीकडची इमारत रिकामी होती. शेंबड्या पोरालाही कळेल. मला कळलं नाही. भोंगे वेगळे होते तोवर एका वेळी एकच बाजू रिकामी झाली असती. जोडले मी.

तो म्हणाला, "मला वाटत होतं तुम्हाला कळलंय आणि तरी सही करताय. म्हणून मनातल्या मनात तुम्हाला फार वाईट बोललो. कळलंच नव्हतं होय?"

"मग सरळ सांगायचं होतंत की! प्रश्न कसले विचारत बसलात?" मी ओरडलेच त्याच्यावर. भुयारात आवाज घुमला.

त्याने चष्मा पुसला. "आमच्यात तपासनिसाने उत्तर द्यायचं नसतं. उत्तर दिलं की पुढची जबाबदारी आमची होते. पहिल्या दिवसापासून हेच शिकवतात, प्रश्न विचारा आणि गप्प बसा. मी गप्प बसलो. त्याचं मलाही वाईट वाटतंय."

अस्सं. त्याने विचारायचं पण सांगायचं नाही, आणि मी बोलायचं पण ऐकायचं नाही. साहेबांनी दोन्ही करायचं नाही. आणि एक तारखेला इथे खरी माणसं, खऱ्या बॅगा, कडेवर पोरं.

संध्याकाळी सासूबाईंना सगळं सांगितलं. म्हटलं, "उद्या चौकशीची बैठक आहे. तुम्ही जबानी बदला. काठी अडकली नव्हती ना?"

"अडकली होती."

"आई!"

"एकदा सांगितलं ते सांगितलं. मला मेट्रन होऊ दिलं नाही, ठाऊक आहे ना? एका डॉक्टरची चूक मी बोलून दाखवली. खरं बोलले, आणि पुढची सगळी वर्षं रात्रपाळी केली. तुझं तसं होऊ द्यायचं नाही मला. हाड माझं मोडलंय, तू कशाला नाक खुपसतेस?"

"तिथे उद्या दुसऱ्या कुणाचं मोडेल. मोडण्यावर भागणारही नाही."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. नवरा पायाशी बसला होता. मी त्याच्याकडे बघितलं, काहीतरी बोल म्हणून. तो म्हणाला, "नोकरी गेली तर माझ्या पगारात भागेल आपलं. ओढाताण होईल, पण भागेल." मास्तरच राहणार म्हटलं होतं मी त्याला. राहू दे बाई, मास्तरच राहू दे.

गुरुवार, २६ सप्टेंबर

बैठक झाली. मोठं टेबल, पाण्याच्या बाटल्या, वरून आलेले तिघे. साहेबांनी अहवाल वाचला. आवाज असा की ऐकणाऱ्याला झोप यावी. वृद्ध महिला, हातात काठी, तोल गेला, दुर्दैवी. मग त्यांनी सासूबाईंची जबानी वाचून दाखवली. वरून आलेल्यांपैकी एक बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्याच घरच्या ना? किती प्रामाणिकपणे सांगितलंय. तुम्हाला काही जोडायचंय?"

लाल बावटा समोरच होता, त्याने चष्मा काढला नाही, माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, हो म्हणावं, काही जोडायचं नाही म्हणावं, आणि घरी जावं. साहेब मान हलवून मला धीर देत होते.

"माझ्या सासूबाई खोटं बोलतायत," मी म्हटलं.

टेबलाच्या त्या टोकाला कुणीतरी फिस्सकन हसलं. सासू-सुनेचं भांडण निघालंय असं वाटलं असणार. मी उभी राहिले. म्हटलं, त्या पडल्या नाहीत, चेंगरल्या. माझ्यासाठी खोटं बोलतायत. त्यांना फलाटावरून मी उठवलं, माझ्या आवाजाने. टर्मिनलच्या माणसांना त्यांच्या अंगावर मी पाठवलं, या हाताने. भोंगे जोडायची अक्कल माझी. स्टेशनचे जिने होईपर्यंत आणि आमचे पुढचे दरवाजे उघडेपर्यंत भोंगा वाजला की दोन्हीकडची माणसं त्याच भुयारात एकमेकांसमोर येणार. तारीख पाळायची असेल तर पाळा, पण माझ्या सहीवर नको.

साहेबांचा चेहरा बदलला नाही, फक्त 'तुम्ही'चं 'आपण' झालं. "आपण विसरताय, दाखल्यावर सही आपली आहे. माझी नाही."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ती जागा माझ्या नावाची का करून घेतली होती. केवढी मूर्ख मी! डोळ्यांत पाणी आणलं होतं त्या दिवशी त्यांच्यासमोर.

"माझीच आहे," मी म्हटलं. "म्हणून तर मला मागे घेता येते. तुमची असती तर मी काय करणार होते?"

वरून आलेल्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, जोडमार्ग कुठल्या बाजूला आहे, आम्हाला दाखवा. सगळे उठले. साहेब मागे राहिले, फोन कानाला लावून. मध्यावर पोचल्यावर लाल बावट्याने 'लावा' म्हटलं आणि मी कान झाकून घेतले.

घरी नाही, दवाखान्यातच गेले आधी. सासूबाई टक्क जाग्या.

"काय झालं?"

"सांगितलं सगळं."

"माझं काय सांगितलंस?"

"तुम्ही खोटं बोलता, असं."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

त्यांनी तोंडावरून चादर ओढून घेतली.

मंगळवार, १ ऑक्टोबर

आज उद्घाटन असायला हवं होतं. टर्मिनलचं पुढे गेलं, गाडीचं कधी ते कुणी सांगत नाही. जिने बसून दोन्ही बाजूंना स्वतंत्र वाट झाल्याशिवाय नाही, एवढंच ठरलंय. पेपरात 'गाडी चौथ्यांदा रखडली' असा मथळा आणि एका अधिकाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे, असं त्याखाली. अधिकारी म्हणजे मी. निष्काळजीपणा झालाच होता, त्यामुळे रागही धड येत नाही. मला घरी बसवलंय, चौकशी संपेपर्यंत. साहेब आहेत तिथेच आहेत.

खाली भाजी घ्यायला गेले तर शेजारीण म्हणाली, "तुमच्यामुळे आमच्या पोराचा रोजचा दीड तास वाचणार होता, तो गेला." मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार? तिला पोरगा रोज धडधाकट घरी यायला हवाच असेल ना. पण हे तोंडाने सांगता येत नाही, सांगितलं तर बढाई वाटते.

सासूबाईंना काल घरी आणलं. माझ्याशी अबोला आहे. पाणी हवं तर लेकाला हाक मारतात, तो शाळेत असला तर तहानेल्या बसतात. मी भांडं नेऊन ठेवते, मी खोलीबाहेर गेले की पितात. शेजारणी भेटायला आल्या तेव्हा ताठ बसून सांगत होत्या, काठी अडकली हो. अजून तेच.

रविवार, ६ ऑक्टोबर

व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. म्हणाल्या, आज उभं राहायचं, काठी नको, माणूस हवा. नवरा औषधं आणायला गेलेला. बाईंनी माझ्याकडे बघितलं. सासूबाईंनी खिडकीकडे.

मी पुढे जाऊन खांदा दिला. आधी नुसती बोटं टेकवली, परक्या बाईच्या अंगाला लागावीत तशी. मग उठताना कळ आली असणार, कारण एकदम सगळा भार माझ्यावर आला. मी कोलमडता कोलमडता राहिले. केवढी जड आहे ही बाई! पलंगापासून दारापर्यंत निघालो. मला घाई, एकदाचं दार गाठू आणि संपवू. दोन पावलं मीच पुढे ओढली त्यांना.

"हळू," त्या म्हणाल्या.

मी थांबले. त्यांनी श्वास घेतला, माझ्या खांद्यावरची पकड बदलली, आणि दाराकडेच बघत म्हणाल्या, "हळू चाल गं. आता कुठली गाडी सुटतेय आपली?"